१३ जून स्मृतिदिन विशेष : दार उघडं होतं, तरी तो आगीत मागे फिरला

आज १३ जून. १९४४ साली याच तारखेला, मध्यरात्र उलटून दोन तास झाले असतील, उत्तर फ्रान्सच्या शेतशिवारावरून एक विमान जळत खाली येत होतं. आतल्या सात जणांपैकी एक जण उडी मारायच्या दारापाशी पोहोचला होता. पॅराशूट अंगाला अडकवलेलं होतं. फक्त बाहेर झोकून द्यायचं बाकी होतं. तेवढ्यात त्याची नजर विमानाच्या शेपटाकडे गेली. तिथं त्याचा मित्र अडकला होता. मधे आग होती. तो दार सोडून मागे फिरला.

त्याचं नाव अँड्र्यू मिनार्स्की. सगळे त्याला अँडी म्हणायचे. कॅनडाच्या वायुदलातला हा साधा तोफची, वय २७. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश राजवटीतलं हे शौर्याचं सर्वोच्च पदक आपल्याकडच्या लोकांना परकं नाही. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांना हेच पदक मिळालं. ते इटलीत पडले १० जुलै १९४४ ला, म्हणजे मिनार्स्कीनंतर सत्तावीस दिवसांनी. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इटलीतच हे पदक मिळवलं. युद्ध एकच, उन्हाळाही एकच. एक मराठा पायदळात, दुसरा विमानाच्या पोटात. पण गोष्ट सारखीच, घरची परिस्थिती बेताची आणि वेळ आली तेव्हा माणूस मागे हटला नाही.

बाप गेला आणि पोरगं कामाला लागलं

अँडीचा जन्म १४ ऑक्टोबर १९१६ चा, कॅनडातल्या विनिपेग शहरातला. आईवडील पोलंडमधून पोट भरायला आलेले. विनिपेग म्हणजे कॅनडाच्या गव्हाच्या पट्ट्यातलं मोठं शहर. थंडी अशी की हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली वीस-तीस अंश जातो. रेल्वे, धान्याचा व्यापार आणि कारखाने, यावर तिथली कष्टकरी वस्ती जगायची. शहराच्या उत्तर भागात पोलिश, युक्रेनियन, ज्यू अशी बाहेरून आलेली माणसं दाटीनं राहायची. मिनार्स्की कुटुंब त्यातलंच.

अँडी सोळा वर्षांचा असताना वडील वारले. घरात भावंडं होती. ते दिवस जागतिक मंदीचे, कामधंदा मिळणं मुश्किल. शाळा झाली तशी अँडीनं चामड्याच्या कारखान्यात काम धरलं. मऊ कातडं कापायचं काम. चार पैसे घरी यायला लागले आणि आईचा भार हलका झाला. मोकळ्या वेळात त्याला लाकूडकामाचा नाद होता. काहीतरी करवतायचं, तासायचं, जोडायचं. विमानांच्या लहान प्रतिकृतीही तो बनवायचा. अंगानं बेताचा, स्वभावानं शांत, पण थट्टामस्करीत पुढे. पुढे वायुदलातल्या सोबत्यांनी त्याची हीच ओळख सांगितली.

मोर्स जमलं नाही, बंदूक जमली

युद्ध सुरू झाल्यावर १९४० मध्ये तो आधी विनिपेगच्या रायफल्स पलटणीत, म्हणजे राखीव पायदळात गेला. पुढच्या वर्षी, १९४१ साली, तो कॅनडाच्या वायुदलात भरती झाला. वायुदलानं त्याला आधी बिनतारी संदेशाच्या शिक्षणाला घातलं. तिथं मोर्सची कट्ट-कडकट्ट डोक्यात बसेना. दर मिनिटाला ठराविक शब्द झालेच पाहिजेत असा नियम. अँडी नापास झाला.

आपल्याकडंही पोरगं एका ठिकाणी नापास झालं की लोक लगेच शिक्का मारतात. वायुदलानं तसं केलं नाही. त्याला तोफचीच्या शिक्षणाला पाठवलं. मॅनिटोबा प्रांतातच मॅकडोनाल्ड इथं गोळीबाराची शाळा होती. तिथं तो उत्तीर्ण झाला. १९४२ संपता संपता त्याच्या छातीवर एअर गनरचा बिल्ला लागला आणि मग जहाजानं समुद्र ओलांडून तो इंग्लंडला गेला. तिथं आणखी शिक्षण, वेगवेगळ्या तुकड्या, वेगवेगळी विमानं. शेवटी एप्रिल १९४४ मध्ये तो कॅनडाच्या ४१९ व्या स्क्वॉड्रनमध्ये आला. इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम परगण्यात मिडलटन सेंट जॉर्ज नावाचं गाव आहे. तिथल्या धावपट्टीवरून ही तुकडी उडायची. तुकडीचं चिन्ह होतं मूस, म्हणजे कॅनडाच्या जंगलातला मोठ्या शिंगांचा सांबरासारखा प्राणी.

सात जणांचं घर

४१९ व्या तुकडीला त्याच सुमारास नवी कोरी लँकेस्टर विमानं मिळत होती. मूळ आराखडा इंग्लंडचा, पण ही विमानं कॅनडात बांधलेली. चार इंजिनांचं हे अवजड बॉम्बफेकी विमान. लांबी एकवीस मीटर, म्हणजे आपल्या दोन एसटी गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर जेवढी होईल जवळपास तेवढी. पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०२ फूट. गुंठ्याची एक बाजू तेहतीस फुटांची धरली तर तीन गुंठे ओळीनं मांडल्यासारखं.

एवढ्या मोठ्या यंत्रात माणसं सात. पायलट होता माँट्रियलचा आर्ट डी ब्रेन. त्याच्या शेजारी इंजिनांवर लक्ष ठेवणारा रॉय व्हिगर्स, हा सातांतला एकटा इंग्लिश. नकाशा आणि दिशा बघणारा बॉब बॉडी. संदेशयंत्रावर जिम केली. नाकात पालथा पडून बॉम्ब सोडणारा जॅक फ्रायडे. विमानाच्या पाठीवर काचेच्या घुमटात अँडी मिनार्स्की. आणि अगदी शेपटाच्या टोकाला, चार मशीनगन घेऊन बसलेला पॅट ब्रॉफी.

शेपटाकडचा तोफची म्हणजे सगळ्यांपासून तुटलेला माणूस. बाकीचे पुढे एकमेकांच्या हाताच्या अंतरावर. हा मात्र एकटा, पाठ सगळ्यांकडे आणि तोंड मागच्या काळोखाकडे. बसायची जागा इतकी अरुंद की पॅराशूटसुद्धा आत मावायचं नाही. ते मागे विमानाच्या पोटात अडकवून ठेवायला लागायचं. थंडी अशी की विजेवर तापणारे कपडे घालून बसायचं. त्याला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे पाठीवरच्या घुमटातला तोफची. म्हणून या दोघांची गट्टी जमली यात नवल नाही.

थट्टेतला सॅल्यूट

ब्रॉफी अधिकारी होता. अँडी अधिकारी नव्हता. वायुदलात हे अंतर मोठं. अधिकाऱ्यांचं जेवण वेगळं, झोपायची जागा वेगळी. रात्रभर एकाच विमानात, एकाच मरणाच्या छायेत बसायचं आणि सकाळी उतरल्यावर दोन वेगवेगळ्या दारांनी जेवायला जायचं. पण ही दोस्ती दारावर अडली नाही. संध्याकाळी फिरून परत आल्यावर निरोप घेताना अँडी मुद्दाम टाचा जुळवून ब्रॉफीला कडक सॅल्यूट ठोकायचा आणि मोठ्या अदबीनं साहेब म्हणत शुभरात्री करायचा. ब्रॉफी हसायचा. दोघांतली ही नेहमीची मस्करी. या सॅल्यूटची गोष्ट पुढे परत येणार आहे.

या लोकांचं काम किती जोखमीचं होतं ते आकड्यांवरून कळतं. ब्रिटिश बॉम्बर कमांडमध्ये विमानात बसून लढणारे सुमारे सव्वा लाख जण होते. त्यातले ५५ हजार ५७३ मेले. म्हणजे शंभरातले चव्वेचाळीस. तीस मोहिमा पूर्ण केल्या की एक पाळी संपायची आणि विश्रांती मिळायची. पण तीसपर्यंत पोहोचणारे कमी. या कामाची दुसरी बाजूही आहे. या विमानांनी टाकलेल्या बॉम्बखाली जर्मनीतले लाखो साधे नागरिक मेले. फ्रान्समधल्या रेल्वेच्या गावांतही निरपराध माणसं मेली. युद्धात वरच्यालाही मरण आणि खालच्यालाही. हे लपवून अँडीची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही.

चार पानांचं गवत

६ जून १९४४ ला दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरलं. जर्मनीची कुमक तिकडे पोहोचू नये म्हणून रेल्वे तोडायची होती. १२ जूनच्या रात्री ४१९ व्या तुकडीला काम मिळालं ते कांब्रे या गावचं रेल्वे यार्ड उडवायचं. डी ब्रेनच्या गटाची ही तेरावी मोहीम. लक्ष्यावर पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटून तारीखही तेरा होणार होती. त्यात बॉम्ब सोडणाऱ्याचं आडनाव फ्रायडे, म्हणजे शुक्रवार. पाश्चात्त्य लोक तेरा तारीख आणि शुक्रवार एकत्र आले की अशुभ मानतात. गटात त्यावरून चेष्टा झालीच.

उड्डाणाआधी सगळे विमानाजवळच्या गवतात बसून होते. अँडीला तिथं क्लोव्हरचं चार पानांचं देठ सापडलं. क्लोव्हर म्हणजे आपल्याकडच्या बरसीम चाऱ्याचं भाऊबंद. त्याला तीन पानं असतात. चार पानांचं एखादंच निघतं आणि ज्याला सापडेल त्याचं नशीब उजळतं असं तिकडं मानतात. अँडीनं ते स्वतःच्या खिशात ठेवलं नाही. ब्रॉफीला देऊन टाकलं.

रात्री दोनच्या सुमारास

फ्रान्सचा किनारा ओलांडल्यावर जर्मन सर्चलाइटच्या झोतात विमान सापडलं. डी ब्रेननं विमान वाकडंतिकडं वळवत, खाली झेपावत झोत चुकवला. पण तेवढ्यात हेराहेरी झाली होती. बॉम्ब टाकण्यासाठी उंची कमी करत असतानाच मागून खालच्या अंगानं जर्मनांचं रात्री लढणारं युंकर्स ८८ विमान आलं. ब्रॉफीनं ते पाहिलं आणि ओरडून सांगितलं. पायलटनं विमान वळवलं, पण उशीर झाला होता. जर्मन तोफांचे गोळे बसले.

डाव्या अंगाची दोन्ही इंजिनं बंद पडली. डाव्या पंखात आग लागली. आणि तिसरा गोळा बसला तो विमानाच्या पोटात, अँडीच्या घुमटाच्या आणि ब्रॉफीच्या शेपटाच्या मधे. तिथून हायड्रॉलिकच्या नळ्या गेलेल्या होत्या. त्या फुटल्या आणि तेलानं पेट घेतला. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हे लगेच कळेल. हायड्रॉलिकचा पाइप फुटला की ट्रॉली जिथल्या तिथं राहते, कितीही दांडा ओढा. शेपटातली बंदुकीची कोठडी त्याच हायड्रॉलिकच्या जोरावर फिरायची. तो जोरच गेला.

आतला फोनही बंद पडला. मग डी ब्रेननं लाल दिव्यानं खूण केली की विमान सोडा. पुढची माणसं नाकातल्या दारातून बाहेर पडायला लागली. दार उघडताना ते फ्रायडेच्या डोक्याला लागलं आणि तो बेशुद्ध झाला. व्हिगर्सनं त्याचं पॅराशूट नीट लावलं आणि त्याला बाहेर सोडलं. नंतर बाकीचे गेले. पायलट शेवटपर्यंत विमान सरळ धरून बसला आणि मग त्यानं उडी मारली.

मागे दोघं राहिले. ब्रॉफीनं कोठडीची दारं उघडून हात मागे घातला, पॅराशूट घेतलं आणि अंगाला लावलं. आता कोठडी बाहेरच्या बाजूला वळवायची आणि पाठीवर पडून उडी मारायची, एवढंच होतं. पण कोठडी वळेना. हातानं फिरवायचं हँडल होतं, ते फिरवायला गेला तर तेच तुटून हातात आलं. कोठडी अर्धवट वळलेल्या अवस्थेत अडकली. आता ना आत येता येई, ना बाहेर पडता येई.

अँडी घुमटातून खाली उतरला होता. मागचं दार त्यानं उघडलं. उडी मारणार तोच त्यानं वळून बघितलं. काचेतून ब्रॉफी दिसला. अडकलाय हे एका नजरेत कळलं.

पुढचं सगळं ब्रॉफीनं काचेआडून डोळ्यांनी पाहिलं. अँडी हातापायांवर रांगत आगीतून त्याच्याकडे आला. तेलाची आग अंगाला चिकटते. त्याच्या कपड्यांनी कमरेपर्यंत पेट घेतला. तिथं आग विझवायच्या कामाची कुऱ्हाड होती. ती घेऊन तो कोठडीच्या दारावर घाव घालायला लागला. दार हलेना. मग कुऱ्हाड टाकून त्यानं उघड्या हातांनी दार ओढायला सुरुवात केली. तरी काही होईना. विमान खाली खाली जात होतं. प्रत्येक क्षणाला जमीन जवळ येत होती, आणि पॅराशूट उघडायला उंची लागते.

ब्रॉफीनं आतून हात हलवून त्याला परत जायला सांगितलं. आपलं काही खरं नाही, तू तरी जा, अशी ती खूण. अँडी थोडा थांबला. मग तो मागे सरकायला लागला. पण त्यानं मित्राकडे पाठ केली नाही. तोंड ब्रॉफीकडेच ठेवून तो आगीतून उलटा रांगत दारापर्यंत गेला. तिथं उभा राहिला. अंगावरचे कपडे जळत होते. त्या अवस्थेत त्यानं टाचा जुळवल्या आणि ब्रॉफीला सॅल्यूट केला. ओठ हलले. इंजिनांच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकू काही आलं नाही. पण काय म्हणाला ते ब्रॉफीला कळलं. रोज संध्याकाळी थट्टेनं घ्यायचा तोच निरोप त्यानं घेतला होता. मग तो बाहेर पडला.

शेतात उतरलेला जळता माणूस

खाली शेतकरी होते. रात्री विमानांच्या आवाजानं जागी झालेली माणसं. त्यांनी आकाशातून एक जळतं पॅराशूट उतरताना पाहिलं. कापड जळत असल्यानं ते धड वारा धरत नव्हतं. अँडी वेगानं खाली आला. फ्रेंच लोकांनी त्याला शोधून काढलं तेव्हा तो जिवंत होता, पण होरपळून गेला होता. त्याला उपचाराला नेण्यात आलं, पण काही तासांत त्यानं प्राण सोडला. आमिएंजवळच्या मेअरिकूर या गावातल्या दफनभूमीत त्याला पुरलं. तो आजही तिथंच आहे. भोवती शेतं आहेत.

तिकडे विमान ब्रॉफीला घेऊन गोडियाँप्रे गावाजवळ एका शेतात आदळलं. आता ऐका पुढचं. विमान नाकावर न पडता पसरट कोनात खाली आलं. पंख झाडाला धडकला, विमान गरकन फिरलं आणि त्या झटक्यानं शेपटाची कोठडी तुटून ब्रॉफी बाहेर फेकला गेला. आत अजून सगळे बॉम्ब होते. त्यातले दोन फुटले. ब्रॉफी शुद्धीवर आला तेव्हा तो जमिनीवर पडला होता. हातपाय शाबूत. घड्याळ बंद पडलं होतं, काटे दोन वाजून तेरा मिनिटांवर.

म्हणजे ज्याला वाचवायला अँडी गेला तो वाचला, आणि जो वाचवायला गेला तो मेला.

एकटा साक्षीदार

सातातले सहा जण जिवंत राहिले. फ्रायडे आणि व्हिगर्स जर्मनांच्या हाती लागले. बाकीचे चौघं, त्यात ब्रॉफीही, फ्रेंच माणसांच्या आसऱ्यानं लपून राहिले. शत्रूच्या वैमानिकाला घरात ठेवल्याचं उघडं पडलं तर जर्मन त्या घरच्या माणसांना गोळी घालायचे. तरी लोकांनी ठेवलं. घरात, गोठ्यात, जिथं जागा मिळेल तिथं. ब्रॉफी सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनला परत पोहोचला.

दारापाशी काय घडलं ते फक्त एका माणसानं पाहिलं होतं. पुढच्या पाच जणांना काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आधीच उड्या मारल्या होत्या. ब्रॉफी त्या अपघातात मेला असता, जो मरणारच होता, तर अँडी मिनार्स्की हे नाव यादीतल्या हजारो नावांत बुडून गेलं असतं. विमानासोबत पडून मेला, एवढीच नोंद राहिली असती. युद्धात असं किती जणांचं झालं असेल, कोणाला ठाऊक. साक्षीदार नाही म्हणून शौर्यही नाही.

युद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, सुटलेले सोबती एकत्र भेटले आणि ब्रॉफीनं पाहिलेलं सगळं सांगितलं. पायलट डी ब्रेननं मग हे प्रकरण वर नेलं. ब्रॉफीचा जबाब कागदावर आला. ११ ऑक्टोबर १९४६ ला व्हिक्टोरिया क्रॉसची अधिकृत घोषणा झाली. त्या घोषणेत अँडीच्या नावापुढे पायलट ऑफिसर हे पद आहे. म्हणजे कागदोपत्री तोही आता अधिकारी. ज्याला थट्टेनं सॅल्यूट करायचा त्याच्याच रांगेत तो जाऊन बसला होता, पण ते बघायला तो नव्हता. पदक विनिपेगला त्याच्या आईच्या हाती आलं. नवरा गेल्यावर ज्या पोरानं कातडं कापून घर चालवलं होतं, त्या पोराच्या बदल्यात आईला पितळी रंगाचं एक छोटं पदक मिळालं.

आठवण कोणी ठेवली

कॅनडानं त्याला विसरू दिलं नाही. विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे. मॅनिटोबा प्रांताच्या उत्तरेतल्या सरोवरांना त्याचं नाव आहे. ओंटारियोतल्या हॅमिल्टन शहरात एक विमान संग्रहालय आहे. तिथं एक जुनं लँकेस्टर अनेक वर्षं खपून पुन्हा उडतं केलं आणि १९८८ मध्ये ते अँडीच्या नावानं अर्पण केलं. त्यावर रंग आणि अक्षरं त्याच्याच विमानाची, केबी ७२६. एकूण सात हजारांहून जास्त लँकेस्टर बांधली गेली होती. त्यातली आज उडू शकणारी दोनच उरली आहेत, एक इंग्लंडमध्ये आणि दुसरं हे. २०१४ मध्ये ते अटलांटिक ओलांडून इंग्लंडलाही जाऊन आलं.

मिडलटन सेंट जॉर्जची ती धावपट्टी पुढे प्रवासी विमानतळ झाली. त्या भागात नॉर्दर्न इको नावाचं जिल्ह्यापुरतं वर्तमानपत्र निघतं. आपल्या गावच्या धावपट्टीवरून गेलेल्या माणसाचा इथं पुतळा नाही, ही गोष्ट त्या पेपरनं हातात घेतली. वाचकांना आवाहन केलं. लोकांनी वर्गणी दिली. जून २००५ मध्ये तिथं अँडीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. अंगावर उड्डाणाचे कपडे आणि हात सॅल्यूटला वर गेलेला. परक्या देशातून आलेल्या, फक्त दोन महिने तिथं राहिलेल्या माणसासाठी लोकांनी खिशात हात घातला.

हिशेब कसा मांडायचा

व्यवहारी माणूस विचारेल की शेवटी झालं काय? दार उघडलं नाही. कुऱ्हाडीनं काही झालं नाही. ब्रॉफी वाचला तो अँडीमुळे नव्हे, झाडामुळे आणि नशिबामुळे. अँडीनं सरळ उडी मारली असती तर बहुतेक तोही वाचला असता आणि सातही जण घरी गेले असते. हा हिशेब चुकीचा नाही. पण तो नंतर बसून मांडलेला हिशेब आहे. त्या वेळी, त्या आगीपाशी, असं काही होणार आहे हे ना अँडीला माहीत होतं ना ब्रॉफीला. माहीत होतं ते एवढंच की एक माणूस आत अडकलाय.

विहिरीत पोरगं पडलं की काठावरचा एखादा माणूस पोहता येतं की नाही याचाही विचार न करता उडी टाकतो. कधी दोघं वर येतात, कधी एक, कधी कोणीच नाही. गाव त्या माणसाला वेडा म्हणत नाही. निकाल काय लागला यावर त्याची किंमत ठरत नाही, कारण तो निकाल त्याच्या हातात कधीच नव्हता. त्याच्या हातात होतं ते मागे फिरायचं की नाही, एवढंच.

आणि एक गोष्ट ब्रॉफीसाठी नक्की झाली. मरणाच्या दारात एकटा अडकलेला असताना कोणीतरी आपल्यासाठी आगीतून आलं, हे त्यानं बघितलं. पुढचं सगळं आयुष्य तो हे बघितलेलं घेऊन जगला आणि लोकांना सांगत राहिला. म्हणूनच ८० वर्षं उलटून गेल्यावरही हजारो मैलांवरच्या माणसांना हे नाव कळतं.

मोर्समध्ये नापास झालेला, कातडं कापून घर चालवणारा, सापडलेलं नशीबसुद्धा मित्राला देऊन टाकणारा अँडी मिनार्स्की १३ जून १९४४ ला फ्रान्सच्या मातीत गेला. त्याच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.